ही फाईल अल्का संपादित करत आहे

१

घरमालकीण रामबाईचा सडा टाकून झाला की मी चहाचा कप विसळून टेबलाशी बसत असे. खोली मागच्या अंगाची, एका माणसाला पुरेल एवढीच. एका भिंतीला खाट, समोरच्या भिंतीला टेबल, खिडकीबाहेर राईस मिलचा भोंगा आणि कोंड्याचा वास. डोळे गेल्यावर माणसाला पसारा परवडत नाही, आणि मला तशीही पसाऱ्याची हौस नव्हती. ही खोली मला पाठ होती आणि ती माझ्या कमाईची होती.

काम पुस्तकं टाईप करण्याचं. नागपूरच्या एका संस्थेकडून शाळेच्या पुस्तकांच्या सीडी यायच्या. त्यात एक बाई धडे वाचायच्या, मी ऐकून टाईप करायची, आणि तिकडे त्यांची ब्रेल पुस्तकं निघायची. डाव्या कानात त्या बाई, उजव्या कानात टाईप केलेलं वाचून दाखवणारा माझा कॉम्प्युटर. बाईंना प्रत्येक धड्याआधी घसा खाकरायची सवय होती. कॉम्प्युटरला आपल्या अशा काही सवयी नव्हत्या. त्याला ज्या होत्या त्या सगळ्या ओमेश्वरनं लावलेल्या.

ओमेश्वर हा रामबाईचा मुलगा. नागपूरला इंजिनिअर झाला, मग पुण्याला नोकरीला लागला. एका सुट्टीत त्यानं स्वतःचा जुना कॉम्प्युटर माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि त्यात ईमॅक्स नावाचा एडिटर, म्हणजे टाईप करायचा प्रोग्राम, घातला. नाव ऐकून मला ते खोकल्याचं औषध वाटलं. तो म्हणाला, "अल्काताई, ही कणीक आहे. तू म्हणशील तशी मळून देतो." आणि खरंच मळून दिली. सुट्टीभर तो शेजारी बसून नुसता ऐकत राहिला. माझं कोणतं बोट उशिरा पोचतं, कोणता शब्द मी हटकून चुकवते, कुठं अडते. मग एकेक कळ त्यानं माझ्या हाताप्रमाणे फिरवली. करंगळीला जड जाणारी कळ अंगठ्याखाली आणली. लांबलचक शब्दांची दोन-दोन अक्षरं करून दिली, ती टाकली की शब्द आपोआप पुरा व्हायचा. फाईल सेव्ह झाली की डब्याचं झाकण बसल्याचा आवाज येई. तो डबा रामबाईच्या स्वयंपाकघरातला. इंग्रजी सूचना त्यानं मराठी केल्या. वाचणारा आवाज मात्र हिंदीवाला होता. आम्हां गोंदियाकरांना त्याचं काय अप्रूप?

ईमॅक्सवाल्यांत रीतच असते म्हणे. जो तो आपापला ईमॅक्स वर्षानुवर्षं घडवत बसतो, आणि एकाला दुसऱ्याच्या जागी बसवलं तर त्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही. माझा पुरा झाल्यावर ओमेश्वर गंमत म्हणून माझ्या खुर्चीत बसला आणि पहिल्याच ओळीला वैतागला. "हे आता फक्त तुझ्याच हातचं, ताई. चोर आला तरी बिचारा काय करेल?" आम्ही दोघंही हसलो. सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं त्या पोरानं माझ्यासाठी केलं, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

एक खोड तेवढी राहिली. आपण फाईलमध्ये हात घातला की ईमॅक्स तिच्यावर आपल्या नावाची खूण ठेवतो, म्हणजे एका फाईलमध्ये एकाच वेळी दोघांनी लुडबूड करू नये. काम संपलं की खूण निघते. पण आमच्याकडे दुपारची लाईन जायची, यूपीएस म्हातारा. कॉम्प्युटर धाडकन बंद पडला की खूण तशीच राहून जाई. एरवी त्याला शिळी खूण ओळखता येते, पण आमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल गेलेला, त्याला काल आणि आज यांतला फरकच कळत नसे. मग लाईन आल्यावर मी पहिलं अक्षर टाकलं की तो विचारायचा: "ही फाईल अल्का संपादित करत आहे. हिसकावायची, तसंच पुढे जायचं, की सोडायची?" ह दाबला की हिसकावली, प दाबला की पुढे, स दाबला की सोडली.

ओमेश्वर म्हणाला होता, "लाईन गेली असेल तर डोळे मिटून ह दाबत जा." म्हटलं, मला मिटायचीही गरज नाही. पुढे सवयच झाली. प्रश्न पुरा होण्याआधी माझं बोट ह वर पडायचं. खूण माझी, हिसकावणारीही मीच; त्यात कोणाचं काय जात होतं?

२

त्या पावसाळ्यात माझी मनगटं गेली. आधी मुंग्या आल्या, मग सकाळी कप धरवेना. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, टाईपिंग बंद करा, नाहीतर हात कायमचे जातील. मी हो म्हटलं आणि घरी येऊन टाईप करत बसले.

न बसून करते काय? संस्थेनं सांगितलं होतं, भूगोलाचं पुस्तक दिवाळीआधी दिलंत तर तुम्हाला कायमचं काम देऊ. आणि माझा भाऊ सेवकराम, केशोरीला असतो, त्यानं फोनवर आपलं सांगून टाकलं होतं: "दिवाळीले येतो. काम पक्कं झालं तं राय. नाई तं गुमान घरी चाल."

भाऊ वाईट नाही. त्याच्या बायकोनं, भागीरथा वहिनीनं, मला कधी शब्दानं दुखवलं नाही. केशोरीला माझ्यासाठी खाट होती, वेळेवर ताट होतं, दोन भाच्यांची लाडीगोडी होती. फक्त दिवसभर करायला काही नव्हतं. धान आलं, धान गेलं, कोणी आलं, कोणी गेलं, आणि मी भिंतीला टेकून सगळ्यांच्या पायांचे आवाज ओळखत बसायचं. तसं एक वर्ष मी काढलं होतं. परत तिथं जाण्यापेक्षा हात गेलेले परवडले, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पण हात आपल्या ठरवण्यावर चालत नाहीत. एक परिच्छेद झाला की मी मनगटं गरम पाण्यात बुडवून बसायची. नद्यांच्या धड्याशी येईतो माझी खात्री झाली, पुस्तक वेळेत होत नाही.

३

एका संध्याकाळी वाक्य अर्धंच टाकून मी उठले. गोळी घेतली आणि झोपले. सकाळी टेबलाशी बसून पहिलं अक्षर टाकलं, तर आवाज म्हणाला, "ही फाईल अल्का संपादित..." आणि माझं बोट ह वर पडलं.

मग मी थबकले. लाईन गेलीच नव्हती. रामबाईचा फ्रीज रात्रभर भिंतीपलीकडे घुरघुरत होता, आणि लाईन जाऊन आली की तो उचकी लागल्यासारखा करतो, ते मला झोपेतही कळतं. मग खूण राहिली कशी?

मी फाईलच्या शेवटाकडे गेले. माझं अर्धं वाक्य पुरं झालेलं होतं. त्यापुढे वैनगंगा होती, तिच्या उपनद्या होत्या, खोऱ्यातली जमीन होती, धडा संपून स्वाध्यायही आला होता. सीडी मात्र माझ्या अर्ध्या वाक्यावर थांबलेली. मी ती पुढे चालवली आणि शब्द न् शब्द ताडून पाहिला. कुठंही काना-मात्रा इकडचा तिकडे नव्हता.

मी स्वतःची समजूत घातली. गोळीनं गुंगी येते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. गुंगीत उठले असेन, टाईप केलं असेल, विसरले असेन. झोपेत चालणारी माणसं असतात, तशी झोपेत टाईप करणारी एक. संस्थेला तरी झोपेतलं-जागेपणीचं कुठं कळणार? पण मनगटं आदल्या संध्याकाळपेक्षा बरी होती. एवढा धडा टाईप केल्यावर ती तशी असणं शक्य नव्हतं, आणि हा विचार मी पुढे नेला नाही.

४

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यातून परतले तेव्हा रामबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

"तू कुठून येऊन राहिली वं?"

"दवाखान्यातून, मावशी. सकाळी सांगून गेले होते ना?"

"मंग तुह्या खोलीत टकटक कोन करून राहिलं होतं?"

मी म्हटलं, उंदीर असेल. रामबाई म्हणाली, "उंदीर येवढा शिकला का, बाप्पा?" आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मी दाराशी गेले. कुलूप जागेवर होतं, चाबी माझ्या पर्समध्ये होती. चाबी लावायला मला जरा वेळ लागला, आणि ते मनगटामुळे नव्हतं.

५

संध्याकाळी पुण्याला ओमेश्वरला फोन लावला. टाईप झालेल्या धड्याचं सांगायची लाज वाटली. एवढंच म्हटलं, लाईन न जाता खूण राहते.

"दोन ठिकाणी ईमॅक्स उघडला असशील, ताई." असं म्हणून त्यानं मला तपासायचं कसं ते शिकवलं. चालू असलेल्या प्रत्येक कामाला कॉम्प्युटर एक नंबर देतो, खुणेत तो नंबर लिहिलेला असतो. "खूण शिळी असेल तर तो नंबर मेलेला असतो. जिवंत असेल तर दुसरीकडे खरंच कोणी काम करून राहिलंय."

मी खुणेतला नंबर ऐकला, मग चालू कामांतून तो शोधला. "जिवंत आहे," मी म्हटलं.

"मग दुसरा ईमॅक्स दिसेल बघ."

"दुसरा नाही. एकच आहे. हा माझ्याच ईमॅक्सचा नंबर आहे."

ओमेश्वरच्या मागे ऑफिसात कोणीतरी हसत होतं. "तसं होत नाही, ताई. स्वतःच्या खुणेवर ईमॅक्स कधीच विचारत नाही. स्वतःला कोण विचारेल?" मग म्हणाला, "दिवाळीत येतो, बघतो. तोवर एक कर. ह दाबू नको. खूण जिवंत असताना हिसकावली की समोरच्याचं चालू काम तुटतं. बरं दिसत नाही ते."

बरं दिसत नाही! समोरचा कोण ते माहीत नाही, पण त्याचा मान राखायचा. मला हसू आलं आणि त्याच हसण्यात माझ्या हातावर काटा उभा राहिला. कारण ओमेश्वरनंच मला एकदा सांगितलं होतं की या खुर्चीत माझ्याशिवाय कोणाला एक ओळ टाईप करता यायची नाही.

६

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी फाईल उघडी ठेवली, हेडफोन टेबलावर काढून ठेवला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. झोपेचं सोंग कोणापुढे करत होते कोण जाणे. मिलचा भोंगा झाला. रामबाईनं दार लोटलं. मग बराच वेळ फक्त पंखा.

पहिल्यांदा हेडफोन बोलला. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून तो हिंदीवाला आवाज बारीक किरकिरत होता. कान देऊन ऐकलं. काळी मृदा. तांबडी मृदा. गाळाची मृदा. मी मनाशी म्हटलं, काहीतरी बिघडलंय, आपोआप वाचतोय. मग हळूहळू मला कळा ऐकू आल्या.

जुन्या मशीनवर टाईपिंग शिकलेल्यांचा ठोका निराळा असतो. आमच्या वेळी इन्स्टिट्यूटमध्ये कळा इतक्या जड असायच्या की बोट वरून आपटावं लागे. तो ठोका मग जन्मभर जात नाही. मी तिथंच शिकले, पुढे तिथंच शिकवलं. हा तोच ठोका होता. ओळ संपताना किंचित थांबणं, मग उजव्या अंगठ्याचा जोरकस धपका. माझा ठोका होता तो, पण मनगटं जाण्याआधीचा. इतका सरळ, इतका न दुखणारा, की भीतीआधी मला हेवा वाटला.

भीती मग आली. चांगलीच आली. पाय पोटाशी घेण्याइतकाही धीर होईना. तरी मी विचारलं, "कोण आहे?"

कळा थांबल्या. डब्याचं झाकण बसलं. काम नीट सेव्ह करून मगच कोणीतरी थांबलं होतं. मग पुन्हा पंखा तेवढा राहिला.

७

मी पळून जायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पळून कुठं? केशोरीला?

त्याच संध्याकाळी मी फाईलच्या तळाशी लिहिलं, "तू कोण आहेस?" सकाळी पाहिलं तर धडा पुढे गेला होता आणि माझा प्रश्न पुसलेला होता. मुद्रितं तपासणारा एखादा नको असलेला शब्द काढून टाकतो, तसा. पुस्तकात नाही ते फाईलमध्ये कशाला, हे माझंच म्हणणं असायचं. मी पुन्हा विचारलं नाही.

ह दाबणं मी सोडलं. प्रश्न आला की स दाबायची, खुर्ची सोडायची, खाटेवर बसून मनगटं शेकायची. दुपारी खुर्ची तिची, हे आमचं न बोलता ठरलं. ती बसण्याआधी मी कीबोर्ड पुसून ठेवायची. उठताना म्हणायची, "थँक्यू हं." उत्तर कधी आलं नाही आणि मी त्याची वाटही पाहिली नाही. जिनं माझी भाकर राखली तिला मी आणखी काय विचारायचं?

पुस्तक वेळेआधी गेलं. संस्थेच्या मॅडमचा फोन आला, "अल्काताई, एकही चूक नाही हो. काम कायमचं झालं समजा." फोन ठेवून मी रडले. एवढा आनंद मला नोकरी पहिल्यांदा लागली तेव्हाही झाला नव्हता. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून मी मनापासून हात जोडले.

त्या दिवसांत आणखीही काही घडत होतं, पण कृतज्ञ माणूस बारकाईनं बघत नाही. प्रश्न आता दुपारीच येत नव्हता, सकाळीही यायला लागला. पुढे पुढे मला दिवसातून एखादी ओळ टाईप करायला मिळायची, तीही मागितल्यासारखी. आणि एकदा मी रामबाईला म्हटलं, "मावशी, काम पक्कं झालं माझं," तर ती म्हणाली, "आताच तं सांगतलं ना तू अंगनात. पेढा बी देल्ला." मी सकाळपासून खोलीतून हलले नव्हते. मी म्हटलं, "हो, विसरलेच," आणि आत येऊन बसले. विसरले असेन, असं मी पुन्हा एकदा मनाशी म्हटलं. पण पेढे मी आणले नव्हते.

८

दिवाळीच्या तोंडावर सेवकरामदादा आला. भर दुपार होती. त्यानं रामबाईला राम राम केला, खोलीत येऊन खाटेवर बसला आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं, "हात कसे आहेत?"

"बरे आहेत."

"खोटं कायले बोलून राहिली? डॉक्टरशी बोललो मी. तो म्हणते, तिले चमचा धरता येत नाई."

"दादा, काम पक्कं झालं. पुस्तक पुरं करून दिलं मी."

"हात नाई तं पुस्तक कोनं केलं?"

"मीच केलं."

दादा उसासला. त्याच्या अंगाला धानाच्या कुटाराचा वास होता, आणि मला एकदम घरचं सगळं आठवलं. "हे पाय अल्का," तो म्हणाला, "मले हौस नाई तुले न्यायची. पन तू इथं एकटी हात मोडून मरशील तं मी बाबाच्या फोटोपुढं उभा कसा राहू? माह्यासमोर एक पान टाईप करून दाखव. केलं तं मी आल्या पावली वापस जातो. पुन्हा कधी नाव काढत नाई."

"शब्द दे."

"देल्ला."

मी उठून खुर्चीवर बसले. नवीन पुस्तकाची सीडी लावली, हेडफोन जरा सैल ठेवला. बाईंनी घसा खाकरला. मी पहिलं अक्षर टाकलं आणि उजव्या कानात प्रश्न आला. ही फाईल अल्का संपादित करत आहे.

मी मनात म्हटलं, बाई गं, आज एवढं कर. आणि दाबायचं काहीच न सुचून मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

तिथं बोटं होती.

थंडगार नव्हती, वाफाळती नव्हती. नुसती बोटं, माझ्याएवढ्याच लांबीची. माझा हात लागल्यावर ती दचकली नाहीत. एसटीच्या बाकावर आधीची बाई जरा सरकून जागा देते, तेवढी ती सरकली. मग माझी बोटं वर आणि ती खाली, असं टाईपिंग सुरू झालं. जुना ठोका, ओळीअखेरचं थांबणं, अंगठ्याचा धपका. मला कुठंच दुखलं नाही. भीती असेल, नाही असं नाही. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते आभाराचं होतं. मी वाचले, एवढंच मला कळत होतं.

पान भरत आलं. मागे खाट करकरली. दादा उठून माझ्या मागे आला, मग बाजूला आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मग तो ऐकू येईनासा झाला. धरून ठेवला असावा.

"अल्का," तो म्हणाला. त्याचा असा आवाज मी बाबा गेले तेव्हाच ऐकला होता. "अल्का... तुमच्यातली तू कोनती?"

९

बोटं थांबली, माझीही आणि खालचीही.

मला बोलायला वेळ होता. चांगला श्वासभर वेळ होता, आणि तेवढ्यात मी सगळा विचार केला. घाबरलेला दादा आता कोणताही शब्द पाळणार नाही. जी 'मी' म्हणेल तिचा दंड धरून तो तिला या खोलीतून बाहेर काढेल, थेट केशोरीला नेईल, आणि पुन्हा गोंदियाचं नाव काढू देणार नाही. बोलले तर मला जावं लागणार होतं. म्हणून मी गप्प बसले. जीभ दाताखाली धरून गप्प बसले.

"मी, दादा," माझ्या डाव्या खांद्याशी माझा आवाज म्हणाला.

"ऊठ," दादा म्हणाला. "चप्पल बी नको पाहू. ऊठ, चाल."

माझ्या बोटांखालची बोटं निघून गेली. खुर्चीमागून साडी सळसळत गेली. खिळ्यावरची काठी काढल्याचा आवाज आला, पर्सची साखळी वाजली, फोन टेबलावरून उचलला गेला. तिला सगळ्या जागा पाठ होत्या. दोघांची पावलं उंबरा ओलांडून अंगणात गेली, दादाची घाईची आणि तिची काठी टेकत जाणारी.

मी खुर्चीवर बसून होते आणि माझ्या ओठांवर हसू होतं, हे कबूल करते. कोणीतरी केशोरीला जायला हवंच होतं. दादाला बहीण मिळाली, वहिनीला नणंद मिळाली, मला खोली आणि काम. पुस्तक केलं तेही तिनं, आणि आता माझ्या वाट्याचं जाणंही तिनंच केलं. एवढे उपकार कोण कोणावर करतं? पहिल्यांदा दादाची काळजी मिटली याचं बरं वाटलं, मग माझं मलाच हलकं वाटायला लागलं, फार हलकं.

अंगणात रामबाई विचारत होती, "असं एकदम काऊन? दिवाळी तं होऊ द्या, बाप्पा." माझ्या आवाजानं तिची समजूत घातली, कॉम्प्युटर ओमेश्वरसाठी राहू द्या म्हणून सांगितलं, येते म्हटलं. रामबाईला हुंदका आला. मलाही भरून आलं. या घरात सगळ्यात आधी तिनंच मला जागा दिली होती, आणि मी तिचे आभार कधी धड मानले नव्हते.

तिच्या बांगड्या माझ्या दाराशी वाजल्या. ती उंबऱ्यावर उभी राहिली. मी तिच्याकडे तोंड वळवलं, हसले आणि म्हटलं, "मावशी."

ती आत आली. तिच्या बांगड्या खाटेशी वाजल्या, खिडकीशी वाजल्या, माझ्या खुर्चीला घासून गेल्या. मग मागे वळून तिनं हाक दिली, "अल्का, खोलीत काई राहिलं तं नाई ना वं?"

"नाई, मावशी," फाटकापासून उत्तर आलं. "काईच नाई राहिलं."

रामबाईनं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.